ग्रेटाने न घातलेले सहा टाके

आमच्या गल्लीत माणूस गेला की आधी डॉक्टर, मग पाद्री आणि मग ग्रेटा मलवेना, असा क्रम ठरलेला होता. खरं तर पुष्कळदा डॉक्टरच्या आधी ग्रेटाच पोचायची. ती हाकेच्या अंतरावर राहायची, आणि डॉक्टरला ब्रिटिश सैनिक नाक्यावर अडवून त्याची बॅग उचकत बसायचे. बेलफास्टच्या पश्चिमेला आमच्या अकरा गल्ल्या, सगळ्या कॅथलिक. तिथे तीस-बत्तीस वर्षं मेलेल्याला आंघोळ घालायची, तपकिरी झगा चढवायचा, बोटांत जपमाळ गुंफायची आणि त्याला शवपेटीत नीट निजवायचं, हे काम तिचं. दुसऱ्या वस्त्यांमध्ये एव्हाना अंत्यविधीच्या दुकानातली माणसं हे सगळं करायला लागली होती. आमच्याकडे नाही. परक्या पुरुषाचा हात कशाला लागायला हवा, आपली ग्रेटा आहे ना, असं आमच्या बायकांचं म्हणणं.

मी माजेला, तिची शेजारीण. पाण्याचं भांडं धरायला, कूस वळवायला दुसरं माणूस लागतं, म्हणून मी तिच्याबरोबर जायचे. माझा नवरा ह्यू म्हणायचा, लोकांच्या बायका पत्ते खेळायला जातात, माझी प्रेतं धुवायला जाते. म्हणू दे. त्याची आई गेली तेव्हा मात्र ग्रेटाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते त्याने.

ग्रेटा बुटकी, रुंद खांद्यांची. चौदाव्या वर्षापासून तागाच्या गिरणीत, त्यामुळे एक कान मागांच्या खडखडाटात गेलेला. जिवंत माणसांशी ती ओरडूनच बोलायची. मेलेल्यांशी मात्र हळू. ‘हात सोड बघू. हां, झालं. आता दुसरा.’ असं एखाद्या लेकराला शाळेसाठी तयार करावं तसं चालायचं. आणि दार बंद झाल्यावर आत जे दिसेल ते तिने कधी बाहेर काढलं नाही. एका घरात पोराने गोळ्या खाल्ल्या होत्या, ते मला दिसत होतं, तिला दिसत होतं. बाहेर येऊन तिने त्याच्या आईला सांगितलं, हृदय बंद पडलं, त्याला काही कळलंसुद्धा नाही. लोकांच्या भल्यासाठी खोटं बोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणूनच तिला सगळे घरात घेत. आमच्या वस्तीत एखादा दोनदा बसथांब्यावर उभा दिसला तरी पडद्याआडून चार डोळे विचारत, हा जातो कुठे, कोणाला भेटतो. अशा ठिकाणी तोंड बंद ठेवणारी बाई म्हणजे मोठी गोष्ट.

आता फर्गल स्कलियनबद्दल सांगते, त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खाटकाच्या दुकानाशेजारी पक्षाचं कार्यालय होतं, तिथे तो बसायचा. गोरागोमटा, चाळिशीचा, कायम टाय लावलेला. भिंतींना ओल आली, बेकारभत्त्याचा अर्ज अडला, नळ फुटला, की जा फर्गलकडे. काम करायचा, खोटं कशाला बोलू. माझ्या छपराची गळती त्यानेच थांबवली. पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात नगरपालिकेची निवडणूक होती आणि तो पहिल्यांदाच उभा राहणार होता. प्रत्येक खांबावर त्याचा हसरा फोटो.

त्याचं एक वाक्य ठरलेलं. पक्षाचा आणि पोरांचा काहीही संबंध नाही. ‘पोरं’ म्हणजे कोण, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. ज्यांच्याकडे बंदुका ती पोरं. मग त्यातली निम्मी पन्नाशीला का टेकलेली असेनात. वस्तीतला न्यायही पोरंच करायची. पोलिसांना आमच्या गल्लीत कोणी बोलावत नसे आणि बोलावलं तरी ते रणगाड्यासारख्या गाड्यांतून यायचे. म्हणून कोणी चोरी केली, कोणाची खोड काढली, की पोरांची चिठ्ठी यायची. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी ये. आपल्या पायांनी यायचं आणि गोळी खाऊन घ्यायची. हसू नका, असंच चालायचं. माणूस दंतवैद्याकडे जावा तसा जायचा. पळून गेला तर देश सुटला, परत आला तर डोक्यात गोळी. आणि कोणाच्या घरी अशी चिठ्ठी आली की त्याची आई नाहीतर बायको डोक्याला रुमाल बांधून कुठे जायची? फर्गलच्या कार्यालयात. शब्द टाका म्हणून. फर्गल मान हलवायचा, माझा त्यांच्याशी संबंध नाही बाई, पण बघतो कोणाच्या कानावर घालता आलं तर. दुसऱ्या दिवशी जेवायच्या आत उत्तर हजर. संबंध नव्हता म्हणून एवढा वेळ लागत असेल.

त्या एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी फेलिक्स टोनर बंद पडलेल्या गिरणीमागे मेलेला सापडला. चौतीस वर्षांचा, गिलावा करणारा, तोंडाने फटकळ पण मनाने साधा. बायको ब्रोना आणि दोन लहान मुली. पोलिसांनी रेडिओवर सांगितलं की पायांत गोळ्या लागून रक्तस्रावाने मेला. आमच्या वस्तीने लगेच ठरवलं की पोलीस खोटं बोलताहेत. पोलिसांच्या तोंडची आमच्याकडे कोणी वेळसुद्धा खरी मानत नाही. पण मग खरं काय? शुक्रवारी दिवसभर कुजबुज चालली. कोणी म्हणालं पलीकडच्यांनी, म्हणजे प्रॉटेस्टंट बंदूकवाल्यांनी, गाडीत घालून नेला असेल. कोणी काहीच म्हणालं नाही, नुसतं नाक ओढलं. आमच्याकडे नाक ओढण्याचा अर्थ एकच. पोलिसांचा खबऱ्या असेल. खबऱ्याच्या विधवेशी कोणी बोलत नाही. दुकानदार तिच्या हातात सुटे न देता फळीवर ठेवतो. तिच्या पोरांशी कोणी खेळत नाही. ब्रोना टोनरचं आता पुढे काय होणार, ते फेलिक्स काय म्हणून पुरला जातो त्यावर होतं, आणि हे तिच्या दारासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी दहाला शवागारातून पेटी घरी आली. मी आणि ग्रेटा मागच्या खोलीत भांडी-कपडे काढत होतो, तोवर फर्गल आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी. ब्रोनासमोर बसला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला की त्याला एक निरोप द्यायला सांगितलंय, तो फक्त निरोप्या. फेलिक्स पोरांपैकी होता. गुपचूप काम करायचा, घरच्यांनाही माहीत नव्हतं. पलीकडच्यांनी त्याला मारलं. त्याला मानाने निरोप देतील, पेटीवर झेंडा, टोपी आणि काळे हातमोजे ठेवतील. ब्रोनाला कशाची काळजी करायला नको, मुलींनाही. आणि फेलिक्सच्या रक्ताचं उत्तर दिलं जाईल.

निरोप्या म्हणे. मग पोस्टात नोकरी करायची होती. पिशवीतून झेंड्याची घडी डोकावत होती. फेलिक्स आमचा होता, हे पोरांचं निवेदन रेडिओवर आलं दुपारी एकला. म्हणजे रेडिओला एकला कळलं आणि याच्या पिशवीला दहाला. मी ग्रेटाकडे बघितलं. तिचा चांगला कान दाराकडे होता, आणि ती एकटक भांड्यातल्या पाण्याकडे बघत होती.

उत्तर म्हणजे काय, हे ज्यांना कळत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आदल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एकाला पलीकडच्यांनी मारलं होतं. तेव्हाही उत्तर दिलं गेलं. पलीकडच्या रस्त्यावर एक माणूस शिडीवर चढून दिव्याचा खांब दुरुस्त करत होता. पन्नाशीचा, तीन मुलं. त्याने कधी कोणाला चापटसुद्धा मारली नसेल. तो शिडीवरून खाली पडला तेव्हा हातात बल्ब तसाच होता, असं पेपरात आलं होतं. उत्तर देताना पोरं पत्ता नीट बघत नसत. धर्म तेवढा बघत.

फर्गल गेल्यावर ग्रेटाने मला दार लावायला सांगितलं. आम्ही पेटी उघडली, फेलिक्सला टेबलावर घेतलं. छातीवर, पोटावर शवागारातल्या डॉक्टरांनी घातलेले लांब टाके होते, ते नेहमीचेच. बाकी अंगावर एक ओरखडा नाही. मनगटं स्वच्छ, बांधल्याची खूण नाही. ग्रेटा त्याच्याशी बोलत बोलत खाली आली. ‘आता पाय, राजा.’ मी कूस वळवली. दोन्ही गुडघ्यांच्या मागे एकेक भोक. मागून, जवळून. डावीकडचं जरा वर, जिथे मोठी शीर असते तिथे.

पलीकडचे असे मारत नाहीत. पलीकडचे डोक्यात मारतात, छातीत मारतात. माणसाला जिवंत ठेवायचं असतं तेव्हाच गुडघ्यांच्या मागे मारतात, आणि आपल्याच माणसाला जिवंत ठेवायचं असतं. आमच्या वस्तीत पाय फरफटत चालणारे डझनभर होते, सगळ्यांची जागा हीच. ग्रेटाने पांढऱ्या तागाच्या पट्ट्या काढल्या, दोन्ही गुडघ्यांना सावकाश गुंडाळल्या, आणि मला म्हणाली, ब्रोनाला आत बोलाव.

ब्रोना आली. दारालाच टेकून उभी राहिली, नवऱ्याकडे बघेना. ग्रेटाने तिला काही सुनावलं नाही. एवढंच विचारलं, “गुरुवारी संध्याकाळी निघाला तेव्हा अंगात काय होतं त्याच्या?”

ब्रोनाने हात मागे नेऊन दाराची मूठ धरली.

“पँट कोणती होती, पोरी?”

“जुनी,” ब्रोना म्हणाली. “रंगाचे डाग पडलेली. मीच काढून दिली, मिसेस मलवेना. चांगली वाया जायला नको म्हणून.”

आणि मग ती तिथेच जमिनीवर बसली. तिने सगळं सांगितलं. क्लबमध्ये फेलिक्सने डार्ट्‌स खेळताना पोरांतल्या एका बड्याच्या भावाच्या थोबाडीत दिली होती. सगळ्यांसमोर. चिठ्ठी आली. फेलिक्स इंग्लंडला पळून जाणार होता, बॅगसुद्धा भरली होती. ब्रोना फर्गलकडे गेली. फर्गलने दुसऱ्या दिवशी सांगितलं, जमवलंय. एकच पाय, तोही मांसात, हाडाला लागणार नाही. रुग्णवाहिकेला आधीच फोन जाईल. सहा आठवड्यांत कामावर. पळाला तर मात्र कायमचा गेला. म्हणून तिनेच फेलिक्सला समजावलं की जा, एकदाचं संपव. बॅग तिनेच रिकामी केली. गुरुवारी आठ वाजता जायचं होतं. जुनी पँट, दोन ग्लास बीअर, आणि पोटात भाजलेलं सॉसेज, कारण उपाशीपोटी चक्कर येते असं कोणीतरी सांगितलं होतं. मुलींना सांगून गेला की मित्राकडे जाऊन येतो.

दोन पाय कसे झाले, ते कोणालाच माहीत नाही. नवा कोणी हात साफ करत असेल. रुग्णवाहिकेला फोन करायला जो गेला त्याला कोपऱ्यावरच्या फोनची वायर तोडलेली मिळाली, असं पुढे कानावर आलं. तो दुसऱ्या फोनपर्यंत चालत गेला म्हणे. चालत.

मला तेव्हा ब्रोनाचा राग आला, हे कबूल करते. बाई, बॅग भरलेली होती. पण राग येऊन उपयोग काय? तिच्या जागी मीही हेच केलं असतं. आमच्या वस्तीतली कुठलीही बायको हेच करती. आम्ही त्या वेळेवर, त्या शब्दावर विश्वास ठेवायचो. सरकारवर नाही, पोलिसांवर नाही, पण गोळी मारणारा ठरल्या जागीच मारेल यावर मात्र पक्का विश्वास.

ब्रोना ग्रेटाचा हात धरून म्हणाली की कोणाला सांगू नका. झेंडा ठेवू दे त्यांना. झेंडा ठेवला तर मुली या शाळेत राहतील, हे घर राहील, आणि फेलिक्सला कोणी खबऱ्या म्हणणार नाही. ग्रेटा तिच्या शेजारी जमिनीवर बसली. एकसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखायचे तिचे, तरी बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला मी जिवंत माणसाशी हळू बोलताना ऐकलं.

“मी कोणाला काही सांगत नसते, तुला माहीत आहे. तू म्हणशील तसं होईल. पण ते उत्तर देणार आहेत, ब्रोना. तिकडे कोणीतरी आज दाढी करत असेल, नाहीतर पोराला सायकल शिकवत असेल. त्याला तुझ्या फेलिक्सच्या नावाने मारतील. एवढं ऐकून ठेव, मग काय ते ठरव.”

ब्रोना म्हणाली, “माझ्या मुलींचं काय?”

ग्रेटाने तिला हाताला धरून उठवलं.

आम्ही फेलिक्सला तपकिरी झगा घातला, पेटीत ठेवलं. झगा पायघोळ असतो. ग्रेटा नेहमी शेवटी पावलांशी त्याची कड सहा टाके घालून बंद करायची, म्हणजे पेटी उचलताना कपडा सरकत नाही. त्या दिवशी तिने सुईत दोरा ओवला आणि सुई परत डबीत ठेवून दिली. मी विचारणार होते की टाके राहिले. पण तिने डबी पिशवीत टाकलीसुद्धा.

दुपारी घर माणसांनी भरलं. खुर्च्या शेजारून आल्या, कप पाच घरांतून आले. हॅमचे सँडविच, चहा, बशीत सिगारेटी. एकच्या बातम्या झालेल्या होत्या, त्यामुळे आता नाक ओढणारेच पुढे येऊन ब्रोनाला मिठी मारत होते. काल रस्त्यापलीकडून गेलेल्या बायका आज सांगत होत्या की मला आधीपासून वाटायचंच हो, फेलिक्सच्या चालण्यातच काहीतरी होतं. मी चहा ओतत होते आणि मनातल्या मनात प्रत्येकीला शिव्या घालत होते. ब्रोना पेटीच्या उशाशी बसली होती. रडत नव्हती. येईल त्याला थँक्यू म्हणत होती.

तीनला फर्गल आला. मागे दोघे, चेहरा लक्षात राहू नये असे, काळ्या जाकिटांतले. खोली आपोआप बाजूला सरली. फर्गलने चार शब्द बोलायला सुरुवात केली. आवाज त्याचा चांगला होता. तो म्हणाला की आज तो पक्षातर्फे आलेला नाही, शेजारी म्हणून आलाय. मग त्या दोघांतल्या एकाने झेंडा उलगडायला घेतला.

ब्रोना उठली. मला वाटलं ती झेंड्याला हात लावणार, विधवा लावतात तसा. तिने पेटीचं खालचं अर्धं झाकण, जे आम्ही नुसतं टेकवून ठेवलं होतं, ते उचलून भिंतीला लावलं. झग्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि वर ओढली. मांड्यांपर्यंत. एखादा टाका असता तर ती तिथेच अडली असती, आणि अडली असती तर कदाचित थांबलीही असती.

दोन्ही गुडघ्यांवर पांढऱ्या पट्ट्या. बाकी पाय धड.

कोणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. त्या खोलीत असं एक घर नव्हतं ज्याला त्या पट्ट्यांची जागा माहीत नव्हती. कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या मॅकार्डलने आपला स्वतःचा पाय, सात वर्षांपूर्वी फोडलेला, खुर्चीखाली ओढून घेतला. मला ते अजून दिसतं.

“गुरुवारी आठची वेळ होती,” ब्रोना म्हणाली. आवाज अगदी साधा, दुकानात हिशेब विचारावा तसा. “पँट मी काढून दिली. पलीकडच्या कोणी मारलेलं नाही त्याला.” मग ती फर्गलकडे वळली. “तुम्ही म्हणाला होतात एकच पाय, मिस्टर स्कलियन.”

फर्गलचा चेहरा बघण्यासारखा होता, पण कोणी बघत नव्हतं. सगळे आपापल्या कपात बघत होते. तो म्हणाला, “ब्रोना, तू दमलीयेस. तू काय बोलतेस ते तुला कळत नाहीये.”

“कळतंय. झेंडा घेऊन जा.”

काळ्या जाकिटातल्याने फर्गलकडे बघितलं. विचारायचं असतं ना, आता काय करू, तसं. संबंध नाही म्हणे. फर्गलने हनुवटी जराशी हलवली आणि त्याने झेंड्याची घडी घातली. एवढंच झालं. ते तिघे गेले. मग कोणीतरी कप खाली ठेवला, घरी पोरं एकटी आहेत म्हणून उठली. मग दुसरी. वीस मिनिटांत घरात आम्ही तिघी, ब्रोनाचे स्कॉटलंडहून आलेले दोन भाऊ आणि सँडविचची तीन ताटं उरली.

सोमवारी पेटी उचलायची वेळ आली तेव्हा गल्लीत पडदे ओढलेले. आमच्याकडे चार-चार माणसं पाळीपाळीने खांदा देतात, आणि चांगल्या माणसाच्या पेटीला गल्ली संपेपर्यंत वीस खांदे बदलतात. फेलिक्सला ब्रोनाचे दोन भाऊ होते आणि अंत्यविधीच्या दुकानातला एक माणूस. चौथा खांदा नव्हता. माझ्या ह्यूची पाठ त्याच दिवशी धरली होती. ग्रेटाने माझ्याकडे बघितलं. बायका तेव्हा खांदा देत नसत, हे एक कारण झालं. खरं कारण माझ्या छपराची गळती, माझा नवरा, माझा मुलगा आणि माझी भीती. मी खाली बुटांकडे बघत राहिले. याची लाज मला आज बत्तीस वर्षांनीही वाटते. ग्रेटा पुढे झाली, पेटीखाली शिरली. बुटकी असल्यामुळे पेटी तिच्या बाजूला कलली आणि चर्चपर्यंत कललेलीच गेली.

बुधवारी ब्रोना मुलींना घेऊन भावांबरोबर स्कॉटलंडला, कोटब्रिजला गेली. तिचं घर महिन्याभरात पक्षाच्या शिफारशीने दुसऱ्या कुटुंबाला मिळालं. मे महिन्यात फर्गल मतमोजणीच्या तिसऱ्या फेरीत निवडून आला. आमच्या गल्लीने त्यालाच मतं दिली. मी दिलं का? नाही विचारलंत तर बरं.

ग्रेटाला त्यानंतर कोणी बोलावलं नाही. कोणी काही बोललं नाही, दारावर काही लिहिलं नाही. पण पुढच्याच आठवड्यात चौदा नंबरमधली म्हातारी गेली आणि अंत्यविधीच्या दुकानाची गाडी येऊन उभी राहिली. बत्तीस वर्षं एका बाईने तोंड बंद ठेवलं ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि त्या दिवशीही ती एक शब्द बोलली नव्हती. लोकांना बरोबर समजलं होतं, झग्याला टाके कोणाचे असायचे ते. ती दिवसभर घरात बसून राहायची. हात कोरडे पडले म्हणायची.

पण त्या दिवसांत सकाळी सात वाजता मी रोज तिच्याकडे जायचे. चहा करायचो आणि बातम्या लावायचो. ती चांगला कान रेडिओला लावून बसायची. बॉम्ब इथे, संप तिथे, पाऊस. प्रत्येक वेळी निवेदकाने पलीकडच्या एखाद्या रस्त्याचं नाव घेतलं की तिचा कप थांबायचा. एक आठवडा गेला. दुसरा गेला. पोरांनी उत्तराचं नाव पुन्हा काढलं नाही. जे सगळ्या गल्लीने बघितलं होतं त्याचं उत्तर कोणाला देणार? तिसऱ्या आठवड्यात कोटब्रिजहून माझ्या नावाने पत्र आलं. मुलींना शाळा मिळाली, तिथली पोरं त्यांच्या बोलण्याला हसतात, भावाच्या घरात जागा कमी आहे. शेवटी ब्रोनाने विचारलं होतं, इकडच्या बातम्या तिथल्या रेडिओवर लागत नाहीत, पलीकडचं कोणी गेलं का?

मी पत्र ग्रेटाला वाचून दाखवलं. तिने ते परत वाचायला लावलं. मग मी कार्ड घेतलं, पत्ता लिहिला, आणि खाली लिहिलं, नाही, कोणीही नाही.